स्प्रिंट कारचं मागचं सस्पेन्शन: पंखवाल्या आणि बिनपंखाच्या गाडीसाठी नवख्यांनी काय निवडावं

स्प्रिंट कारला, म्हणजे मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर डावीकडे वळत पळणाऱ्या रेसच्या गाडीला, मागे कोणता बार (स्प्रिंगचं काम करणारा पोलादी दांडा) घालू, असं पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागी, कुणालाही विचारा. उत्तराआधी उलटा प्रश्न येतो: पंख आहे की नाही? दोन्ही गाड्यांची चौकट जवळपास तीच, इंजिन तेच, मागचा अ‍ॅक्सलही तोच. तरी भर वेगात वळणावर एक डावीकडे कलते आणि दुसरी उजवीकडे. मागच्या बाजूचे जवळजवळ सगळे निर्णय या एका फरकातून निघतात. म्हणूनच एका प्रकारच्या गाडीचा सेटअपचा कागद दुसरीला लावला की रात्र वाया जाते.

हा लेख मी मुख्यतः आपल्या इकडच्या मंडळींसाठी लिहितोय. कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीमुळे पुणे आणि इंडियानातलं कोलंबस यांच्यात येणंजाणं कायमचं झालंय. आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी कॉलेजात विद्यार्थ्यांच्या बाहा किंवा फॉर्म्युला स्पर्धेची गाडी बांधलेली असते, हाताला पान्यांची सवय असते, आणि शनिवारी संध्याकाळी करायला काही नसतं. ब्लूमिंग्टनचा लाल मातीचा ट्रॅक, कोकोमो, लॉरेन्सबर्ग, टेरे होट हा सगळा बिनपंखाच्या स्प्रिंट कारचा मुलूख. पंखवाल्या बघायच्या तर ओहायोतलं एल्डोरा, आयोवातलं नॉक्सव्हिल किंवा पेनसिल्व्हेनियातलं विल्यम्स ग्रोव्ह. मेलबर्नकडे राहणाऱ्यांसाठी वॉर्नाम्बूल, तिथेही पंखवाल्याच. छोट्या टीमला हातभार लावणारा माणूस नेहमीच हवा असतो. फक्त काय धरायचं आणि काय सोडायचं ते माहीत हवं.

आधी गाडी नीट बघा

वरच्या वर्गातल्या गाडीत ४१० घनइंचांचं व्ही-८ इंजिन असतं, मिथेनॉलवर चालणारं, साधारण ९०० अश्वशक्तीचं. चालकासकट वजन १४०० पौंडांच्या आसपास, म्हणजे ६३५ किलोच्या घरात. क्लच नाही, गिअरबॉक्स नाही, स्टार्टर नाही. मागून ट्रकने ढकलून गाडी सुरू करतात. खाली ३६० आणि ३०५ घनइंचांचे वर्ग आहेत, नवख्या टीम बहुधा तिथेच सुरुवात करतात.

मागच्या चाकांना डिफरन्शियल नसतं. एकच पोकळ, जाड अ‍ॅक्सल आरपार जातो आणि दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. मधे क्विक-चेंजचं घर असतं. त्याचं मागचं झाकण काढून दोन गिअर बदलले की गाडीचं गिअरिंग बदलतं. त्या घरातून पुढे जाणारा शाफ्ट एका नळीत बंद असतो, ती टॉर्क ट्यूब. चालकाच्या दोन पायांच्या मधून जाऊन तिचं पुढचं टोक एका बॉल जॉइंटमध्ये बसतं.

अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना, चाकांच्या आतल्या अंगाला, बेअरिंगवर बसलेले दोन पिंजरे दिसतील. ते बर्डकेज. टॉर्शन आर्म, रेडियस रॉड (बर्डकेजला फ्रेमशी जोडणारा दांडा), शॉक हे सगळं येऊन बर्डकेजला लागतं. अ‍ॅक्सल आत फिरतो, बर्डकेज फिरत नाही. थ्रॉटल दाबल्यावर अ‍ॅक्सलची जी उलटी पीळशक्ती तयार होते, ती बर्डकेजवर न येता टॉर्क ट्यूबमधून पुढे जाते आणि ट्यूबचं नाक वर उचलू पाहते. चाकांचा पुढे ढकलणारा जोर मात्र रेडियस रॉडमधून फ्रेममध्ये जातो. हे दोन रस्ते डोक्यात वेगळे ठेवा. नाहीतर रॉडचा कोन बदलल्यावर गाडी अशी का वागली, याचा पत्ता लागत नाही.

पंख नक्की काय करतो

१९५८ मध्ये ओहायोत जिम कुशमन यांनी स्प्रिंट कारवर पहिल्यांदा पंख बसवला, असं या खेळाच्या इतिहासात नोंदलंय. आजचा वरचा पंख २५ चौरस फुटांचा असतो आणि नाकावरचा ६ चौरस फुटांचा. पंख गाडीला खाली दाबतो एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. नवख्याच्या नजरेतून सुटतात ती पंखाच्या दोन्ही बाजूंची मोठी उभी पानं.

डाव्या वळणात गाडीचं नाक आत आणि शेपूट बाहेर असते, म्हणजे गाडी तिरकी चाललेली असते. हवा उजव्या बाजूने येऊन त्या उभ्या पानांवर आदळते आणि त्यांना डावीकडे ढकलते. हा जोर चालकाच्या डोक्याच्याही वर लागतो, त्यामुळे गाडीचं अंग डावीकडे झुकतं. वळणात वजन उजवीकडे जायला हवं, पण पंख त्याला डावीकडे रेटतो. भर वेगात पंखाचीच सरशी होते. उभं राहून बघाल तर सरळ रस्त्याच्या शेवटी गाडी आत वळते आणि डाव्या मागच्या चाकावर बसते.

हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० मैलांना जेवढा, त्याच्या चौपट १२० ला. नॉक्सव्हिलच्या अर्ध्या मैलावर पंधरा सेकंदांच्या आसपास फेरी मारणारी गाडी सरासरी १२० मैलांनी धावत असते, तिथे पंख भरपूर काम करतो. तीच गाडी पाव मैलाच्या, घोटून गुळगुळीत झालेल्या ट्रॅकवर नेली की पंखाचा जोर घटतो आणि ती बिनपंखाच्या गाडीसारखी वागू लागते. पंखवाल्या गाडीतही छोट्या ट्रॅकसाठी वेगळे बार का ठेवतात, ते इथे कळतं.

बिनपंखाच्या गाडीत हा सगळा खेळच नाही. ती उजवीकडे कलते, उजव्या मागच्या टायरवर बसते, पुढचं डावं चाक बऱ्याचदा हवेत असतं, आणि चालक स्टीअरिंगपेक्षा थ्रॉटलने गाडी वळवतो. हवा धरून ठेवत नाही, त्यामुळे टायर आणि जमीन यांच्यात जे काही होईल ते सस्पेन्शननेच करायचं.

पायरी १: टॉर्शन बार

मागे फ्रेममध्ये दोन आडव्या नळ्या असतात. प्रत्येकीत एक पोलादी बार. बारच्या दोन्ही टोकांना खाचा असतात. एका टोकाला आर्म बसतो, जो बर्डकेजला जोडलेला असतो. दुसऱ्या टोकाला, फ्रेमच्या पलीकडच्या बाजूला, स्टॉप बसतो. चाक वर गेलं की आर्म फिरतो, स्टॉप जागचा हलत नाही आणि बारला पीळ बसतो. ओला टॉवेल दोघांनी पिळताना एकाने हात घट्ट धरावा तसं. तो पीळ म्हणजेच स्प्रिंग. म्हणजे डाव्या चाकाच्या बारचा स्टॉप उजवीकडे असतो आणि उजव्याचा डावीकडे. पहिल्या दिवशी सगळे इथे गोंधळतात: डावं मागचं वाढव म्हटलं की पाना घेऊन उजवीकडे जायचं असतं.

बारची ओळख त्याच्या जाडीवरून. १००० म्हणजे एक इंच व्यास, १०२५ म्हणजे १.०२५ इंच, ९७५ म्हणजे ०.९७५. बार बहुधा २५ हजारांशाच्या पायरीने मिळतात. आकडे किरकोळ दिसतात, पण कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. हिशेब असा: ११,७८,००० गुणिले व्यासाचा चौथा घात, भागिले बारची लांबी गुणिले आर्मच्या लांबीचा वर्ग. सगळं इंचात, उत्तर पौंड प्रति इंच. बार ३० इंच आणि आर्म १६ इंच धरला तर:

९५० चा बार सुमारे १२५ पौंड प्रति इंच
९७५ चा १३९
१००० चा १५३
१०२५ चा १६९
१०५० चा १८६

एक पायरी म्हणजे जवळपास दहा टक्के. आर्मची लांबी वर्गात येते हेही बघा. अर्धा इंच लांब आर्म घातला तर १००० चा बार १५३ वरून १४४ वर येतो. जुनी गाडी घेतली असेल तर आधी दोन्ही आर्म मोजा. वेगवेगळ्या गाड्यांचे आर्म एकत्र आलेले सापडतात आणि मग बारचे आकडे फसवतात.

आता निवड. पंखवाल्या गाडीत मागे साधारण १००० ते १०५० च्या दरम्यानचे बार चालतात. बिनपंखाच्या गाडीत ९५० ते १०२५, म्हणजे एखाद-दोन पायऱ्या मऊ. चौकट बनवणाऱ्याचा सेटअपचा कागद मिळाला तर माझे आकडे विसरा आणि तो कागद पाळा. तो त्या फ्रेमच्या नळ्या, आर्म आणि शॉकच्या जागा धरून लिहिलेला असतो.

पंखवाल्या गाडीत डाव्या मागच्या बारकडे जास्त लक्ष द्या. तो फार मऊ असेल तर पंखावर हवेचा जोर आल्यावर गाडी डावीकडे पार बसते, शॉकची चाल संपते आणि त्या चाकाला खड्डा झेलायला जागाच उरत नाही. शिवाय फ्रेम झुकली की तिच्यासोबत पंखाचा कोनही बदलतो, आणि चालकाला वाटतं पंखातच गडबड आहे. उलट तो फार कडक असेल तर मोठ्या ट्रॅकवर गाडी छान चालते, पण छोट्या, सुकलेल्या ट्रॅकवर वजन हलतच नाही आणि मागचे टायर नुसते फिरतात.

बिनपंखाच्या गाडीत नजर उजव्या मागच्या बारवर. कडक बारामुळे घोटलेल्या ट्रॅकवर टायर पकडण्याऐवजी वरून घसरतो. मऊ बारावर गाडी छान बसते, पकडते, चालक खूश होतो. मग तो बाहेरच्या कडेला साचलेल्या मातीच्या बांधावर जातो, ज्याला इकडे कुशन म्हणतात. तिथे टायर एकदम चावतो आणि आधीच उजवीकडे कललेली गाडी दोन चाकांवर उभी राहते. इकडचे लोक याला सायकल चालवणं म्हणतात. पुढची पायरी म्हणजे पलटी. त्यामुळे नवा चालक, बिनपंखाची गाडी आणि ओला, चिकट ट्रॅक असं जुळून आलं तर माझं मत स्पष्ट आहे: उजवीकडे एक पायरी कडक बाजूला राहा. दोन दशांश सेकंद गेले तर गेले.

बारची बाजू कधीही बदलू नका. डाव्या आणि उजव्या बारला पीळ एकमेकांच्या उलट दिशेने बसतो. बार बनवतानाच त्याला एका दिशेने पीळ देऊन बसवलेलं असतं. उलट दिशेने वापरला तर तो सैल पडतो किंवा तुटतो. टोकावर बाणाची किंवा बाजूची खूण असते. नसेल तर पहिल्याच दिवशी रंगाने करून ठेवा, म्हणजे रात्री अकरा वाजता टॉर्चच्या उजेडात वाद नको.

बारवर ओरखडा म्हणजे तिथूनच चीर. म्हणून सुटे बार कापडात किंवा नळीत ठेवतात, हत्यारांच्या पेटीत टाकत नाहीत. काढताना-घालताना नळीच्या कडेवर घासू देऊ नका. बसवल्यावर टोकाची झाकणं लावायला विसरू नका. तुटलेला बार नळीतून बाहेर उडतो, आणि बाजूला कुणी उभं असू शकतं.

कॉइल स्प्रिंग घ्यावी का

बिनपंखाच्या काही गाड्यांत मागे टॉर्शन बारऐवजी शॉकवर बसवलेली कॉइल स्प्रिंग दिसते. तिचे फायदे खरे आहेत: स्प्रिंग डोळ्यांना दिसते, मधल्या आकड्यांच्या स्प्रिंग सहज मिळतात, नळीतलं घर्षण नाही. तोटा म्हणजे स्प्रिंगमध्ये चिखल भरतो, शॉक बदलायचा तर स्प्रिंगही उतरवावी लागते, आणि शेजारच्या टीमकडून बार उसना मागायची सोय जाते. ही शेवटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. पिटमध्ये अर्धं काम उसनवारीवरच चालतं. पंखवाल्या गाडीत चारही चाकांना बार हेच रूढ आहे. नवख्याने तिथे वेगळा प्रयोग करायचं कारण मला दिसत नाही.

पायरी २: आर्म, रॉड आणि लॅडर

आर्म बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे. वजनाला हलके, पण वाकले की सरळ करून वापरायचे नाहीत. आर्म आणि रॉडच्या टोकाला हाइम जॉइंट, म्हणजे सगळीकडे वळू शकणारे सांधे, असतात. फॉर्म्युलावाल्या पोरांना ते रॉड एंड म्हणून ठाऊक असतील. बोटांनी हलवून बघा. खडखडला तर बदला.

रेडियस रॉड अ‍ॅल्युमिनियमचे घ्यावेत की पोलादाचे? मी अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूने आहे. हलके आहेत हे एक. दुसरं म्हणजे चाक भिंतीला लागलं तर रॉड आधी वाकावा. पोलादी रॉड वाकत नाही, तो फ्रेमवरचा कान (रॉड जोडायची पट्टी) उपटून काढतो, आणि मग पन्नास मैल दूरच्या वेल्डरकडे जावं लागतं. सुटे दोन रॉड, हाइम लावून, लांबी जुळवून ट्रेलरमध्ये टांगून ठेवा.

रॉडच्या कोनाचं थोडं गणित. रॉडचं पुढचं टोक फ्रेमला, मागचं बर्डकेजला. पुढचं टोक वर असेल आणि फ्रेम अजून वर उठली, तर रॉड जास्त उभा होतो आणि बर्डकेजला पुढे ओढतो. समजा हे डाव्या बाजूला झालं. डावं चाक पुढे, उजवं होतं तिथेच. म्हणजे अख्खा अ‍ॅक्सल किंचित उजवीकडे वळला. गाडीची शेपूट बाहेर जाते, गाडी लूज होते. चालकाने स्टीअरिंगला हातही लावला नाही तरी. बिनपंखाच्या गाडीत डावी बाजू वळणात वर उठते, म्हणून हा परिणाम तिथे ठळक दिसतो. पंखवाल्या गाडीत भर वेगात डावी बाजू खाली जाते, म्हणजे तोच रॉड, तोच कोन, आणि परिणाम उलटा. रॉडच्या भोकांच्या जागा एका गाडीवरून दुसरीवर का उचलायच्या नाहीत, त्याचं उत्तर इथे आहे.

अ‍ॅक्सलला आडवं, म्हणजे डावी-उजवीकडे, धरून ठेवण्याचं काम जेकब्ज लॅडर करतं. काही गाड्यांत त्याऐवजी वॅट लिंकेज असते. लॅडरची उंची बदलली की मागचं अंग कोणत्या बिंदूभोवती कलतं ते बदलतं, म्हणजे सगळंच बदलतं. पहिला मोसम त्याला हात लावू नका. त्याचे पट्टे, बोल्ट आणि जॉइंट मात्र दर आठवड्याला तपासा, कारण लॅडर सुटलं तर अ‍ॅक्सल आडवा सरकतो.

पायरी ३: शॉक

शॉकबद्दल पिटमध्ये जितकं बोललं जातं त्याच्या चौथा हिस्साही नवख्याला लागत नाही. दोन दिशा लक्षात ठेवा: दाबताना किती अडवतो आणि सुटताना किती अडवतो.

डाव्या मागच्या शॉकची सुटतानाची ताकद जास्त असली की फ्रेम तिथून पटकन वर उठत नाही. पंखवाल्या गाडीत याचा उपयोग होतो, कारण गाडीचा तोल आणि पंखाचा कोन टिकून राहतो. पण फार ताकद ठेवली तर खड्ड्यात चाक खाली जायच्या ऐवजी वरच अडकतं आणि टायर जमीन सोडतो. बिनपंखाच्या गाडीत डावी बाजू उठायलाच हवी असते, त्यामुळे तिथे हा शॉक मोकळा ठेवून सुरुवात करतात.

उजवा मागचा शॉक दाबताना किती कडक ठेवायचा, हे ट्रॅकवर ठरतं. खड्डे पडलेल्या ट्रॅकवर कडक शॉक टायरला उड्या मारायला लावतो. फार मऊ ठेवला तर गाडी वळणात शिरतानाच धपकन बसते.

पहिल्या वर्षी सेटिंग न बदलता येणारे, चांगल्या माणसाकडून दुरुस्त करून घेतलेले साधे शॉक घ्या. फिरवायच्या बटणांचे महागडे शॉक नवख्याच्या हातात दिले की तो बटणंच फिरवत बसतो. चालकाला बसल्या जागी बदलता येणारे शॉक तुमच्या वर्गात चालतात की नाही, ते नियमांत बघून मगच पाकिटाला हात घाला.

पायरी ४: चाकांची जागा आणि स्टॅगर

मागचा उजवा टायर डाव्यापेक्षा बराच मोठा असतो. घेरातल्या या फरकाला स्टॅगर म्हणतात, आणि तो इथे इंचांत मोजतात. दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलवर असल्याने हा फरकच गाडीला डावीकडे वळवतो. टेप घेऊन दोन्ही टायर मोजा, ज्या दाबाने पळवणार त्याच दाबाने हवा भरून. दाब अगदी कमी असतो, दहा पौंडांच्या आसपास किंवा त्याहून कमी, त्यामुळे टायरची भिंतही स्प्रिंगसारखं काम करते. अर्धा पौंड इकडे-तिकडे झाला तरी चालकाला कळतो.

उजवं मागचं चाक अ‍ॅक्सलच्या खाचांवर आत-बाहेर सरकवता येतं. मधे स्पेसर असतात. आत घेतलं की त्या टायरवर जास्त भार येतो, पकड वाढते. बाहेर काढलं की गाडी मोकळी होते. बिनपंखाच्या गाडीत चाक फार आत घेतलं तर पलटायची भीती वाढते, तेव्हा इथे अर्ध्या इंचापेक्षा मोठी उडी एका वेळी मारू नका. ट्रॅक सुकत जातो तसं चाक आत घेणं ही सगळ्यात स्वस्त आणि झटपट दुरुस्ती आहे. बार बदलायच्या आधी ही करून बघा.

पायरी ५: गॅरेजमध्ये ब्लॉकिंग

स्प्रिंट कारचा पाया वजनकाट्यावर नाही, ठोकळ्यांवर बसवतात. सपाट जमिनीवर गाडी स्टँडवर घ्या. मागचे शॉक काढा. अ‍ॅक्सल आणि फ्रेम यांच्या मधे दोन्ही बाजूंना ठरलेल्या उंचीचे ठोकळे ठेवा. उंची सेटअपच्या कागदावर असते. दोन्ही स्टॉपचे बोल्ट पूर्ण मागे घ्या. आर्म आणि बर्डकेजच्या जोडाचा बोल्ट काढून आर्म हाताने वर-खाली करून बघा. जड गेला तर नळीतले बुश साफ करा, ग्रीस लावा. ही एक मिनिटाची तपासणी लोक टाळतात. मग नळीतली सुकलेली माती बार अडवत असताना हे बिचारे शॉकला शिव्या देत बसतात.

आर्म खाचांवर असा बसवा की जोडाचा बोल्ट बोटाने ढकलला तरी आत जाईल. हातोडी लागली तर एक खाच पुढे-मागे करा. मग स्टॉपचा बोल्ट फिरवत आणा, नुसता टेकेपर्यंत. हा शून्य. आता कागदावर जितके फेरे दिलेत तितके फिरवा, लॉकनट आवळा, आणि फेरे फ्रेमवर मार्करने लिहा. दुसरी बाजूही तशीच. ठोकळे काढा, शॉक लावा, गाडी जमिनीवर घ्या, मागून दोनदा दाबून सोडा आणि दोन्ही बाजूंची उंची मोजून वहीत लिहा.

डाव्या मागच्या चाकाच्या स्टॉपचा एक फेरा वाढवला की डावं मागचं आणि उजवं पुढचं, या तिरक्या जोडीवर भार वाढतो. थ्रॉटलवर गाडी टाईट होते, म्हणजे नाक वळायला मागत नाही. कमी केला की लूज, म्हणजे शेपूट लवकर सुटते.

रेसच्या रात्री

संध्याकाळी ट्रॅक ओला आणि चिकट असतो, फायनलपर्यंत घोटून काळा पडतो. गाडी लूज आहे अशी तक्रार आली तर या क्रमाने जा: टायरचा दाब, मग उजवं मागचं चाक, मग स्टॉपचा अर्धा किंवा एक फेरा, मग शॉक, आणि शेवटी बार. पंखवाल्या गाडीत यात सगळ्यात आधी पंख येतो. वरचा पंख चालक बसल्या जागी हायड्रॉलिकने मागे-पुढे सरकवतो. तो पूर्ण मागे नेऊनही शेपूट सुटते का, हे विचारल्याशिवाय खाली हात घालू नका. पुष्कळदा पंखाची अर्धी चाल शिल्लक असते.

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत. वहीत ट्रॅकचं नाव, माती कशी होती, बार, फेरे, दाब, चाकाची जागा, आणि चालकाने काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत. “वळणात शिरताना ठीक, बाहेर पडताना सुटते” आणि “शिरतानाच सुटते” या दोन वेगळ्या गाड्या आहेत. पहिलीत डाव्या मागच्या चाकाच्या स्टॉपचा फेरा बघा. दुसरीत आधी रॉड वाकलाय का ते बघा.

बार बदलताना गाडी जॅकवर घेऊन चाकावरचा भार पूर्ण उतरवा, तरच स्टॉपचा बोल्ट सैल करा. बारच्या टोकासमोर तोंड नेऊ नका.

जुनी गाडी घेताना

इंडियानात बिनपंखाची म्हणून विकली जाणारी गाडी कधी आधी पेनसिल्व्हेनियात पंखाखाली धावलेली असते. रोल केजवर (चालकाभोवतीच्या नळ्यांच्या पिंजऱ्यावर) पंखाचे आधार किंवा ते कापून घासल्याच्या खुणा दिसतात. त्यात वाईट काही नाही, पण सोबत मिळणारे बार कोणत्या गाडीचे, ते व्यासमापीने मोजून घ्या. बारवरचा शिक्का पुसलेला असला तर मालकाच्या शब्दावर जाऊ नका.

मग या क्रमाने तपासा. टॉर्शन नळ्यांचे वेल्ड, विशेषतः स्टॉपच्या बाजूला. रंगाखालून केसासारखी रेघ दिसली तर गाडी तिथेच सोडा. रेडियस रॉडचे फ्रेमवरचे कान सरळ आहेत का. बर्डकेजचं बेअरिंग हाताने फिरवून, कान लावून ऐका. अ‍ॅक्सल क्विक-चेंजपासून चाकापर्यंत सरळ आहे का, हे चाक हवेत फिरवून आणि कडेला खडू धरून बघा. बार पोलादी असल्याने चुंबकीय तपासणीत चिरा दिसतात. इंजिनची कामं करणाऱ्या दुकानांत ती होते. तपासणी न केलेले जुने बार गाडीसोबत फुकट मिळाले तरी गॅरेजमध्ये आर्म बसवायच्या सरावासाठी ठेवा, ट्रॅकवर घालू नका. गाडीचे पैसे ठरवतानाच दोन्ही बाजूंच्या एकेक नव्या बारची किंमत त्यातून वजा करून मागा. बहुतेक विकणारे ऐकतात, कारण नवीन घेणारा हे विचारेल याची त्यांना सवय नसते.